नोकरीच्या अर्जासोबतचे कव्हर लेटर कसे लिहावे? माझा मसुदा तपासून द्यावा, ही विनंती

केतकीबन | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार. मी भांडुपला राहते. मुंबई विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर गेली अडीच वर्षे फोर्टमधील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून काम करते आहे. आता एखाद्या कंपनीच्या हिशेब विभागात जावे, असे मनात आहे. गेल्या चार महिन्यांत तीसहून अधिक ठिकाणी अर्ज केले. त्यांपैकी दोनच ठिकाणांहून फोन आले आणि तेही सध्याचा पगार विचारून थांबले. माझा रिझ्युमे दोन अनुभवी सहकाऱ्यांनी पाहिला असून तो ठीक असल्याचे त्यांचे मत आहे. त्यामुळे अडचण सोबतच्या पत्रात असावी, असे मला वाटू लागले आहे.

सध्या अंधेरीच्या एमआयडीसीतील, औषधांच्या वेष्टनाचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात समोर आहे. त्यांना लेखा साहाय्यक हवा आहे. खरेदीच्या नोंदी, जीएसटीची मासिक जुळवणी, पुरवठादारांशी पत्रव्यवहार आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरील काम ही कामे त्यांनी लिहिली आहेत. दोन ते चार वर्षांचा अनुभव मागितला आहे आणि महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत उशिरापर्यंत थांबण्याची तयारी असावी, असेही म्हटले आहे.

मी आजवर सगळीकडे एकच पत्र पाठवत आले. ते इंग्रजीत आहे, पण इथे चर्चा सोपी व्हावी म्हणून मराठीत उतरवून देते:

«महोदय, आपल्या नामांकित कंपनीत लेखा साहाय्यक हे पद रिक्त असल्याचे जाहिरातीवरून समजले. सदर पदासाठी मी अर्ज करीत आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून मला अडीच वर्षांचा अनुभव आहे. मी मेहनती, प्रामाणिक व जबाबदारीची जाणीव असलेली उमेदवार आहे. संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन आणि वरिष्ठांना तक्रारीस जागा ठेवणार नाही. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. सोबत रिझ्युमे जोडला आहे.»

यात काय चुकते आहे, ते कृपया स्पष्ट सांगावे. मला वाईट वाटणार नाही.

परळनाका | सोमवार, रात्री ११.०५

केतकीबन, मी अकरा वर्षे भरतीचे काम करते, त्यांपैकी शेवटची सहा लोअर परळमधील एका मोठ्या कंपनीत. तुमच्या पत्रात व्याकरणाची वा शिष्टाचाराची चूक नाही. शाळेत आपल्याला विनंती-अर्जाचा जो नमुना शिकवतात, त्यात ते पूर्णपणे बसते आणि अडचण नेमकी तिथेच आहे. फी-सवलतीसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज करताना आपण आपली गरज सांगतो, कारण देणारे ते असतात आणि घेणारे आपण. नोकरीच्या जाहिरातीत गरज कंपनीने सांगितलेली असते. त्या गरजेला तुमच्याकडे उत्तर आहे की नाही, एवढेच वाचणाऱ्याला पत्रातून जाणून घ्यायचे असते, आणि तुमच्या पत्रात त्यांच्या जाहिरातीतील एकाही कामाचा उल्लेख आलेला नाही.

एक करून पाहा. तुमच्या पत्रातील एकेक वाक्य घ्या आणि हे वाक्य आपल्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला जसेच्या तसे वापरता येईल का, असे स्वतःला विचारा. मेहनती, प्रामाणिक, जबाबदार हे शब्द प्रत्येक जण लिहितो आणि ते खरे आहेत की नाहीत, हे ठरवायला वाचणाऱ्याकडे काहीच साधन नसते. म्हणून डोळा त्यांच्यावरून सरळ पुढे जातो.

पत्र सुधारण्याआधी मला काही गोष्टी कळायला हव्यात. तुमच्या हातून दर महिन्याला नेमके काय होते? किती अशिलांचे काम तुमच्याकडे आहे? अकरा तारखेपासून वीस तारखेपर्यंतचा तुमचा दिवस कसा जातो, ते जरा विस्ताराने लिहाल का?

केतकीबन | मंगळवार, सकाळी ८.४०

परळनाका ताई, इतक्या तातडीने लिहिल्याबद्दल आभार. खरे सांगायचे तर मी सरांना मदत करते, एवढेच. माझ्याकडे नऊ अशिलांचे काम आहे आणि त्यांपैकी चार उत्पादक आहेत. अकरा तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरण, भरायचे असते. चौदा तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे पत्रक, तयार झाले की ते उतरवून घेते आणि अशिलाच्या टॅलीतील खरेदीशी एकेक बिल ताडून पाहते. नऊ जणांची मिळून महिन्याला साधारण अकराशे बिले होतात. जी जुळत नाहीत त्यांची यादी करून पार्ट्यांना, म्हणजे पुरवठादारांना, फोन करते, ईमेल पाठवते, आणि वीस तारखेला ३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरण, जाण्याआधी जमेल तेवढे मिटवते. पण हे आमच्या कार्यालयात सगळेच करतात, म्हणून त्यात लिहिण्यासारखे काही आहे, असे मला कधी वाटले नाही.

कारखानदार_विक्रोळी | मंगळवार, दुपारी १.१५

मी विक्रोळीच्या एका औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचा लहानसा कारखाना चालवतो. आम्ही एकूण बावीस माणसे आहोत. भरतीचा वेगळा विभाग नाही, त्यामुळे अर्ज मी स्वतः वाचतो.

केतकीबन ताई, तुम्ही वर जो परिच्छेद लिहिला, तो तुमच्या पत्रापेक्षा दहा पटींनी चांगला आहे. माझ्यासारख्या माणसाला तो काय सांगतो, हे समजून घ्या. १ जानेवारी २०२२ पासून २बीत न दिसणाऱ्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. पार्टीने बिल दाखवायचे राहिले किंवा चुकीच्या जीएसटी नोंदणी क्रमांकावर दाखवले, तर मी तिला दिलेला कर माझ्या खात्यात उभाच राहत नाही आणि तेवढी रक्कम मला पुन्हा खिशातून भरावी लागते. लहान कारखान्याचे खेळते भांडवल असे अडकते, पगाराच्या तारखेला मग ओढाताण होते. पार्टीला फोन करून, तिच्या मागे लागून हे मिटवणारे माणूस माझ्या दृष्टीने फार मोलाचे आहे. तुम्ही त्याला «मदत करते, एवढेच» म्हणता, पण ज्याच्याकडे असे माणूस नाही, त्याला विचारून पाहा.

एखादा विशिष्ट प्रसंग आठवतो का? कोणती रक्कम अडकली होती, का अडकली होती आणि तुम्ही ती कशी सोडवली, असे काही असेल तर ते हवे.

अवांतर: मागच्या वर्षी हिशेबनिसाच्या जागेसाठी माझ्याकडे आलेल्या अर्जांपैकी चारांत दुसऱ्याच कंपनीचे नाव होते. नाव बदलायचे राहून गेले, हे मी समजू शकतो. पण हिशेबाच्या कामाला तेवढ्या एका चुकीने उमेदवाराबद्दल शंका येते आणि मग पुढचे वाचले जात नाही.

गिरगावकर_आजोबा | मंगळवार, सायंकाळी ५.३०

मी १९७८ साली बँकेत लागलो आणि निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली. आमच्या काळी कित्येक जाहिरातींत «अर्ज स्वहस्ताक्षरात करावा» असे छापलेले असे. आम्ही रेघा मारलेला कागद खाली ठेवून, वरच्या कोऱ्या कागदावर ओळी सरळ येतील अशा बेताने अर्ज लिहीत असू आणि एक शब्द चुकला तर सगळा कागद नव्याने लिहून काढत असू. आता आमच्या वाडीतील मुले मला पत्रे दाखवायला आणतात, म्हणून दोन शब्द लिहितो.

परळनाका यांचे म्हणणे मला पटते, परंतु त्यातून कोणी विनयच टाकून देऊ नये, अशी माझी कळकळीची सूचना आहे. अलीकडे काही मुले «हाय टीम» अशी सुरुवात करतात आणि «तुमच्या उत्तराची वाट पाहतो» असे हुकमी वाक्य लिहून थांबतात. वाचणारा बहुधा वयाने आणि अधिकाराने मोठा असतो. त्याला «महोदय» म्हटल्याने आपण लहान होत नाही. विषयाची ओळ, शेवटी «आपली विश्वासू», सोबत काय जोडले आहे त्याचा उल्लेख, ही जी जुनी चौकट आहे ती निरुपयोगी नाही, कारण तिच्यामुळे वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट हव्या त्या जागी सापडते.

«सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा» हे वाक्य मात्र मी स्वतः चाळीस वर्षे लोकांना लिहून देत आलो. ते गाळावे, हे आज पहिल्यांदा पटले. सहानुभूती संकटात सापडलेल्या माणसाला दाखवायची असते, आणि केतकीबन यांच्यावर तर कोणतेही संकट आलेले नाही. त्या काम जाणणाऱ्या आहेत.

परळनाका | मंगळवार, रात्री ९.५०

आजोबा, तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. विनय पत्राच्या चौकटीत आणि भाषेत असावा. मजकुरात काम असावे.

पत्र कोण, कधी आणि कशावर वाचते, हेही इथे सांगायला हवे, कारण त्यावरून त्याची लांबी ठरते. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका प्रणालीत जमा होतात. ती प्रणाली रिझ्युमेतील मजकूर उचलून घेते आणि आम्ही तिच्यात जाहिरातीतील शब्द घालून शोधतो. म्हणून दोन रकान्यांची मांडणी, चौकटीतील किंवा चित्रातील मजकूर, छापलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो हे सगळे टाळावे. त्यातील शब्द कित्येकदा प्रणालीच्या हाती लागत नाहीत. या टप्प्यावर पत्र बहुतेक वेळा कोणी उघडत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पत्र वाचले जाते ते पुढे, जेव्हा आठ-दहा जणांचे रिझ्युमे विभागप्रमुखांकडे जातात आणि त्यांतून चौघांना बोलवायचे असते. तेव्हा सगळ्यांचा अनुभव जवळजवळ सारखा असतो, आणि त्यात ज्याच्या पत्रातून त्याचे काम डोळ्यांसमोर उभे राहते, त्याचे नाव वर जाते. हे विभागप्रमुख पुष्कळदा सकाळच्या लोकलमध्ये, उभ्या उभ्या, मोबाइलवर वाचत असतात. त्यांच्या पडद्यावर दोन-तीनदा बोट फिरवून संपेल एवढेच पत्र असावे. अडीचशे शब्दांच्या पलीकडे जाऊ नये, असा माझा आग्रह असतो.

आणखी एक. अर्ज ईमेलने मागितला असेल, तर ईमेलचा मजकूर हेच तुमचे पत्र. बरेच जण ईमेलमध्ये «सोबतची फाइल पाहावी» एवढेच लिहितात आणि पत्र वेगळ्या फाइलीत ठेवतात. वाचणारा रिझ्युमे उघडतो, दुसरी फाइल तशीच राहते. पत्र थेट ईमेलमध्ये लिहा, रिझ्युमे पीडीएफमध्ये जोडा आणि फाइलीला तुमचे नाव व पदाचे नाव द्या. माझ्या संगणकावर «रिझ्युमे फायनल नवीन» या नावाच्या कितीतरी फाइली पडून आहेत, आणि कोणती कोणाची, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

सायंतारा | बुधवार, सकाळी ११.३०

मी बोरिवलीची. सहा वर्षांच्या खंडानंतर गेल्या वर्षी पुन्हा नोकरीला लागले. हा धागा वाचताना वाटले की, ज्यांच्या कामात खंड पडला आहे त्यांच्यासाठीही काही लिहावे.

मी पहिल्यांदा जी पत्रे लिहिली त्यांत अर्धा मजकूर खंडाच्या स्पष्टीकरणाचा होता. मुलगी लहान होती, मग सासूबाईंचे आजारपण आले, घरात दुसरे कोणी नव्हते, हे सगळे मी तपशीलाने लिहीत असे, आणि का कोण जाणे, शेवटी क्षमा मागत असे. माझ्या एका मैत्रिणीने ते पत्र वाचून विचारले, «यात तुझे काम कुठे आहे?» त्यानंतर मी तो भाग एका वाक्यात आणला: «२०१७ ते २०२३ या काळात कौटुंबिक जबाबदारीमुळे मी नोकरी करीत नव्हते. ती जबाबदारी आता पूर्ण झाली असून मी पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे.» आणि लगेच पुढच्या वाक्यात, परतण्याआधीच्या चार महिन्यांत मी काय शिकले आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब कसे लिहिले, ते दिले. खंड लपवू नये, कारण रिझ्युमेतील वर्षांवरून तो दिसतोच. पण पत्रातील जागा थोडी असते आणि ती आपल्याला येत असलेल्या कामासाठी राखून ठेवावी.

केतकीबन | बुधवार, रात्री १०.४५

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री घरी परतताना गाडीत बसून आठवत होते, तेव्हा एक प्रसंग सापडला. मागील वर्षी आमच्या एका अशिलाचे ८६,००० रुपयांचे क्रेडिट सलग दोन महिने २बीत दिसत नव्हते. पार्टीचे म्हणणे होते की, आम्ही बिले दाखवली आहेत, तुम्हीच नीट पाहा. मी त्यांच्याकडून त्यांच्या विवरणाची प्रत मागवली आणि ओळीने पाहत गेले, तेव्हा लक्षात आले की, आमच्या अशिलाची दोन राज्यांत नोंदणी असून पार्टीने मुंबईच्या बिलांवर गुजरातचा नोंदणी क्रमांक टाकला होता. क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. तिथे माझी नजर अडली. पार्टीने पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती केली आणि क्रेडिट आले. सरांनी त्या दिवशी शाबासकी दिली होती, पण हे पत्रात लिहायचे असते, हे सुचले नव्हते.

यावरून नवा मसुदा केला आहे. दोन शंका आहेत. अशिलाचे नाव लिहिले तर पत्राला वजन येईल का? आणि माझ्या मैत्रिणी पत्र एआयकडून लिहून घेतात, ते करावे का?

कारखानदार_विक्रोळी | गुरुवार, सकाळी ७.५०

ताई, अशिलाचे नाव अजिबात लिहू नका. तुम्ही दुसऱ्याच्या हिशेबाची गोष्ट मला नावानिशी सांगितली, तर उद्या माझ्या हिशेबाची गोष्ट तिसऱ्याला सांगाल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. «एका अशिलाचे» एवढे पुरेसे आहे. नाव टाळले, हीच तुमच्या विश्वासूपणाची खूण मी समजेन.

प्रसंग मात्र उत्तम आहे. २७ आणि २४ हे वाचताना मी माझ्या टेबलावरचे बिल उचलून पाहिले.

परळनाका | गुरुवार, दुपारी २.१०

एआयबद्दल. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे येणारी पत्रे भाषेने सुधारली आहेत, परंतु ती एकमेकांसारखी झाली आहेत. पहिले वाक्य उत्साहाचे, दुसऱ्यात कंपनीची स्तुती, मग तीन गुण, शेवटी योगदान देण्याची इच्छा. एकाच दिवशी अशी वीस पत्रे वाचल्यावर त्यांतील कोणते कोणाचे, हे सांगता येत नाही. इंग्रजी तपासून घेण्यासाठी, वाक्य लहान करण्यासाठी त्याची मदत जरूर घ्या. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि केवळ इंग्रजीच्या धास्तीने जे अर्जच करीत नाहीत, त्यांना तर ती घ्यावीच, असे मी सांगेन. परंतु ८६,००० रुपयांची गोष्ट त्याला ठाऊक नाही. ती तुम्हाला आधी स्वतःच्या शब्दांत लिहावी लागेल, आणि त्याने परत दिलेल्या मजकुरात तुम्ही न केलेले काही शिरले नाही ना, हे वाक्यागणिक पाहावे लागेल. मुलाखतीत मी पत्रातील वाक्यावरूनच प्रश्न विचारते, तेव्हा न केलेल्या कामाबद्दल बोलताना उमेदवार अडखळतो आणि मलाच त्याचे वाईट वाटते.

शुद्धमुद्रित | गुरुवार, सायंकाळी ६.४०

मी दादरला एका प्रकाशन व्यवसायात मुद्रितशोधनाचे काम करतो. सगळी चर्चा इंग्रजी पत्राची चालली आहे, पण मुंबईत मराठीतून कारभार चालवणाऱ्या शाळा, पतपेढ्या, ग्रंथालये आणि प्रकाशने पुष्कळ आहेत. जाहिरात मराठीत असेल तर पत्रही मराठीतच असावे. आमच्याकडे मराठी मुद्रितशोधकाच्या जागेसाठी इंग्रजी पत्रे येतात, तेव्हा उमेदवाराची मराठी कशी आहे, हे कळायला मार्गच उरत नाही.

मराठी पत्र लिहिताना एक तांत्रिक काळजी घ्यावी. जुन्या डीटीपीच्या फॉण्टमध्ये टंकित केलेला मजकूर ज्या संगणकावर तो फॉण्ट नसेल तिथे अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतो. आमच्याकडे एका उमेदवाराचे संपूर्ण पत्र असेच आले होते. आम्ही जुना फॉण्ट शोधून ते वाचले, पण प्रत्येक ठिकाणी कोणी एवढे कष्ट घेणार नाही. युनिकोडमध्येच लिहावे आणि पाठवण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहावे.

सरकारी भरतीसाठी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन अर्जच असतो आणि असे पत्र लागत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नये.

केतकीबन | शुक्रवार, रात्री ९.१५

नवा मसुदा मराठीत देते. इंग्रजीत तो दोनशे शब्दांच्या आतबाहेर आहे.

«विषय: लेखा साहाय्यक या पदासाठी अर्ज

महोदय,

आपल्या जाहिरातीत खरेदीच्या नोंदी आणि जीएसटीची मासिक जुळवणी सांभाळणारी व्यक्ती हवी असल्याचे म्हटले आहे. फोर्टमधील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात मी गेली अडीच वर्षे नऊ अशिलांसाठी हेच काम करते आहे, आणि त्यांपैकी चार अशील उत्पादक आहेत.

दर महिन्याला सुमारे अकराशे खरेदी बिले मी टॅलीतून जीएसटीआर-२बीशी ताडून पाहते, न जुळणाऱ्या बिलांची पुरवठादारांनुसार यादी करते आणि त्यांच्याशी स्वतः फोनवर व ईमेलने बोलून ती मिटवते. मागील वर्षी एका अशिलाचे ८६,००० रुपयांचे क्रेडिट दोन महिने दिसत नव्हते. पुरवठादाराने मुंबईच्या बिलांवर दुसऱ्या राज्यातील नोंदणी क्रमांक घातल्याचे मी शोधून काढले आणि पुढील विवरणात त्यांच्याकडून दुरुस्ती करून घेतली.

बाहेरून हिशेब पाहताना माल प्रत्यक्ष आला की नाही, हे मला बिलावरूनच मानावे लागते. पर्चेस ऑर्डर, गोदामाची आवक-नोंद आणि बिल ही तिन्ही जिथे समोरासमोर ठेवून तपासता येतात, अशा कारखान्यात काम करावे, या इच्छेने मी हा अर्ज करीत आहे.

महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत उशिरापर्यंत थांबण्याची माझी तयारी आहे. मी भांडुपला राहते. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्यापर्यंत थेट येता येत असल्याने उशीर झाला तरी परतण्याची अडचण नाही. माझी नोटीस ३० दिवसांची आहे. रिझ्युमे सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू»

गिरगावकर_आजोबा | शुक्रवार, रात्री १०.००

वाचून फार समाधान वाटले. «माल प्रत्यक्ष आला की नाही, हे मला बिलावरूनच मानावे लागते» हे वाक्य हिशेब लिहिणाऱ्यालाच सुचेल. पत्र मोठ्याने वाचून पाहा, अशी एकच सूचना करतो. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य तोडावे.

परळनाका | शुक्रवार, रात्री १०.३५

पगाराची अपेक्षा जाहिरातीत मागितलेली नाही, म्हणून ती लिहिली नाहीत, हे योग्य केले. राहण्याच्या ठिकाणाबद्दलचे वाक्य मी एरवी काढायला सांगितले असते, परंतु इथे त्यांनी उशिरापर्यंत थांबण्याची अट घातली आहे आणि भांडुपहून अंधेरी म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार. त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे.

जाहिरातीत नाव दिले असेल तर «महोदय» ऐवजी नावाने लिहा. व्यक्ती स्त्री की पुरुष, हे नक्की नसेल तर «महोदय / महोदया» लिहा. आठवडाभरात उत्तर आले नाही, तर त्याच ईमेलखाली दोन ओळींचे एक स्मरणपत्र पाठवा. एकदाच पाठवा, आणि फोन करू नका.

केतकीबन | पुढील सोमवार, रात्री ८.२५

शनिवारी सकाळी पत्र पाठवले. उत्तर यायचे आहे. आजोबांच्या सूचनेप्रमाणे आईला मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा «ताडून पाहते» च्या वाक्यात दम लागला, म्हणून त्याची दोन वाक्ये केली.

आज परळच्या एका शिक्षणसंस्थेची मराठी जाहिरात पाहिली. त्यांना लेखापाल हवा आहे. जीएसटीचा त्यात उल्लेख नाही. शुल्काच्या पावत्या, शासनाच्या अनुदानाचा हिशेब आणि लेखापरीक्षणाची तयारी अशी कामे आहेत. आधी वाटले, तेच पत्र नाव बदलून पाठवावे. मग वहीत त्यांच्या तीन कामांसमोर माझ्याकडे काय आहे, ते लिहायला बसले. अनुदानाचा अनुभव नाही. पावत्यांचा थोडा आहे. लेखापरीक्षणाच्या बाबतीत मात्र मी आजवर टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे. त्यावरून सुरुवात अशी केली आहे:

«गेली अडीच वर्षे लेखापरीक्षकांच्या बाजूने मी दोन धर्मादाय संस्थांची व्हाउचरे तपासली आहेत. कोणते व्हाउचर कशासाठी अडते, पावतीपुस्तकातील कोणता खाडाखोडीचा अनुक्रमांक प्रश्न उभा करतो, हे मी पाहिले आहे. आपल्या संस्थेचे कागद त्या प्रश्नांच्या आधीच तयार ठेवण्याचे काम मला करता येईल. शासकीय अनुदानाच्या हिशेबाचा मला अनुभव नाही, तो मला शिकावा लागेल.»

शेवटचे वाक्य ठेवावे की काढावे?

कारखानदार_विक्रोळी | पुढील सोमवार, रात्री ९.०५

ठेवा.